व्याधिग्रस्त पिल्लू घ्यावे की न घ्यावे?

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत बार्शी येथील एका निवृत्त पशुवैद्यकांनी केलेल्या भाषणाचा संपादित अंश.)



जीवदयेवर बोलण्याची आज्ञा झाली, तेव्हा मोठे विषय बाजूस ठेवून एका घरात पडलेल्या पेचाविषयीच बोलावे असे ठरविले. आपल्या बार्शीतील एका भुसार अडत्यांच्या घरची ही हकिकत आहे. दहा वर्षांच्या नातीच्या हट्टापायी पुण्याहून लॅब्रॅडॉर जातीचे पिल्लू आणण्याचे ठरले. परीक्षेसाठी मलाही सोबत नेले. पिल्लू मादी होते, वय दीड महिना. बेंबीपाशी हरभऱ्याएवढा मऊ फुगवटा, पोट टम्म, डोळ्यांतून किंचित पाणी. विक्रेता म्हणाला, "थोडी खोट आहे, चार हजार कमी द्या." ज्यांची हयात अडतीत गेली, त्या आजोबांना हा हिशेब तत्काळ उमगला. तुरीत खडा निघाला की भाव उतरतोच. नात मात्र पिल्लू छातीशी धरून म्हणाली, "आजोबा, आपण नाही घेतलं तर हिला कोण घेईल?"

प्रथम वैद्यकाचे मत सांगतो. बेंबीचा तो फुगवटा म्हणजे हर्निया. तो लहान असेल आणि बोटाने अलगद दाबताच आत जात असेल, तर पिल्लू सहा महिन्यांचे होईपर्यंत पुष्कळदा आपोआप भरून येतो. न भरल्यास छोटी शस्त्रक्रिया पुरते, आणि ती नसबंदीच्या वेळीच उरकता येते. फुगवटा कठीण व दुखरा झाला, पिल्लू ओकू लागले, तर मात्र आतडे अडकल्याची शंका धरून त्याच दिवशी दवाखाना गाठावा. टम्म पोट बहुधा जंतांचे असते. हे जंत आईच्या शरीरातूनच पिल्लात येतात. त्यात पिल्लाचा दोष नाही. एवढ्या कारणाने कोणी पिल्लू नाकारत असेल, तर तो निर्णय मी उतावळा म्हणेन.

परंतु सर्वच व्याधी किरकोळ नसतात. पिल्लू मलूल आहे, उलट्या होतात, शौचात रक्त दिसते, तर ती पार्व्होची लक्षणे असू शकतात. तेथे तासातासाला धोका वाढतो. लॅब्रॅडॉर आणि जर्मन शेफर्ड यांच्यात खुब्याच्या सांध्याचा दोष वंशातून उतरू शकतो आणि तो दीड महिन्याच्या पिल्लात दिसत नाही. पग घोरतो याचे आपल्याला कौतुक वाटते. वस्तुतः आखूड नाकामुळे त्याला श्वासाचा त्रास असतो, आणि आपल्याकडचा वैशाख त्याला सोसवत नाही.

त्या घरच्या आजींनी नंतर मला विचारले, "डॉक्टरसाहेब, जंतांचे औषध देणे ही हिंसाच नव्हे का?" प्रश्न पोरकट नाही. शास्त्राधाराचा अधिकार मला नाही, तो महाराजांचा. मी इतकेच म्हणालो, की श्रावकाच्या व्रतात संकल्पी हिंसेचा त्याग सांगितला आहे. गृहस्थाश्रमात अटळ ठरणारी हिंसा त्याहून वेगळी गणली आहे. पिल्लाचे जंत अंगणात खेळणाऱ्या मुलांच्या पोटात जाऊ शकतात. ज्यांना हे औषध मनापासून नको वाटते, त्यांनी पिल्लू आणण्यापूर्वीच तसे ठरवावे, आणल्यावर नव्हे. आहाराचेही तसेच. कुत्रे शाकाहारावर जगू शकते, पण वाढते पिल्लू केवळ दूध-पोळीवर ठेवले तर हाडे कच्ची राहतात. प्रथिने व कॅल्शियम यांचा मेळ पशुवैद्यकाला विचारून घालावा लागतो.

आता मूळ पेच. पिल्लाची व्याधी मला किरकोळ वाटली, तरी मी घेऊ नका असे सांगितले. पिल्लाची आई पाहू द्या, असे मी विक्रेत्यास म्हटले. तो म्हणाला, ती येथे नाही. लसीकरणाची नोंद मागितली, ती नव्हती. २०१७ च्या श्वानप्रजनन व विक्रीविषयक केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतील पिल्लू विकता येत नाही. हे तर सहाच आठवड्यांचे! हर्नियापेक्षा हा रोग मोठा होता. दयेपोटी दिलेल्या पैशाने ते एक पिल्लू सुटते आणि त्या अदृश्य आईवर पुढचे वेत लादले जाते.

आपल्या आचार्यांनी श्रावकाला निषिद्ध सांगितलेल्या पंधरा कर्मादानांत केशवाणिज्य म्हणजे सजीवांचा व्यापार आहे, कुत्र्या-मांजरांसारख्या हिंस्र प्राण्यांचे धंद्यासाठी पोषण आहे, आणि प्राण्यांचे अवयव छेदणारे निर्लांछन कर्मही आहे. हे निषेध विक्रेत्याला लागतात, ग्राहकाला शब्दशः नाही. परंतु ग्राहकावाचून दुकान चालत नाही, हे बाजारपेठेतल्या माणसांना मी काय सांगावे?

१८३२ साली मुंबईत सरकारने भटकी कुत्री मारण्याची मोहीम काढली. दर कुत्र्यामागे पैसे मिळत, म्हणून मारेकरी पाळीव कुत्रीही ओढून नेऊ लागले. पारशी, जैन, हिंदू व्यापाऱ्यांनी बाजार बंद ठेवले. पुढे १८३४ मध्ये मुंबईची पांजरपोळ उभी राहिली, तिच्यामागे जमशेटजी जीजीभाईंबरोबर जैन शेठही होते. प्राण्याच्या डोक्यावर किंमत बसली की काय होते, हे त्या मंडळींनी डोळ्यांनी पाहिले होते.

आम्ही रिकाम्या हातांनी परतलो. टेंभुर्णीपर्यंत मुलगी रडत होती. दुसऱ्या दिवशी आजोबांनाही राहवेना. आठ आठवडे पिल्लू आईजवळ ठेवा, लस द्या, पावती द्या, मग पूर्ण किमतीने नेतो, असे त्यांनी फोनवर सांगितले. उत्तर मिळाले, ते कालच विकले.

पुढे मार्केट यार्डातील एका गोदामामागे व्यालेल्या कुत्रीचे एक पिल्लू त्यांच्या घरी आले. कानामागे खरजेचा चट्टा होता. आधी औषधोपचार केले, मगच घरात घेतले. चट्टा गेला, आता केस आले आहेत. मुलगी मात्र भेटली की अजून विचारते, "ती पुण्याची कशी असेल?" मला सांगता येत नाही.

जय जिनेंद्र.