परसातल्या बदकांसाठी कोरडी जमीन

बदक पाण्यात रमतं, पण रात्री बसायला त्याला कोरडी जागाच लागते. त्याची विष्ठा पातळ, शिवाय चोच बुडवून ते पाणी सांडतं. ओल राहिली की अमोनियाचा उग्र वास येतो, अंथरुणाला बुरशी लागते, तळपायाला जखमा होऊन ते सुजतात.

म्हणून खुराड्याची जमीन अंगणापेक्षा वीतभर उंच घ्या. मुरूम चोपून वर कोबा करा; दहा फुटांना दोन-तीन इंच उतार ठेवा. नुसता कोबा पायांना टोचतो, म्हणून त्यावर भाताचं तूस किंवा कोरडा पेंढा चार इंच पसरा. ओला भाग रोज काढा. बुरशीचा पेंढा मुळीच वापरू नका. त्याने फुप्फुसांचा आजार होतो.

पाण्याचं भांडं उताराच्या टोकाला, जाळीच्या चौकटीवर ठेवा. खाली खडी भरलेला चर काढा. भांडं पाच-सहा इंच खोल हवं, म्हणजे नाकपुड्या धुता येतात. चराचं पाणी विहिरीपासून दूर, केळी-माडांच्या आळ्यात सोडा. कोकणातल्या पावसासाठी पागोळ्यांचं पाणी मात्र वेगळ्या पन्हळीने बाहेर काढा. हे काम मे महिन्यातच उरका.