शिकवायला गेलेला विद्यार्थी
(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



सर्वप्रथम श्रीगणरायाला वंदन करतो. बुद्धीच्या देवतेसमोर उभे राहून बोलायचे म्हणजे जबाबदारीच. त्यातून मी काही व्याख्याता नव्हे. रेल्वेतला डिप्लोमा इंजिनिअर. माझा दिवस यार्डात वॅगन, ब्रेक आणि स्प्रिंगा यांच्या सहवासात जातो. तेव्हा भाषणात कुठे तेल-ग्रीसचा डाग दिसला तर सांभाळून घ्यावे, ही विनंती.

आजचा विषय आहे, परदेशी एकट्याने शिकवायला जाणे आणि तिथे रुळणे. हा विषय निवडण्याचे कारण असे की आपल्या भिलाई-दुर्गच्या मराठी घरांतून आजवर इंजिनिअर बाहेर गेले, डॉक्टर गेले, कॉम्प्युटरवाले तर घरटी एक गेले. आता बी.एड. झालेल्या मुली आणि मुलेही इंग्रजी शिकवायला बाहेर जायचे म्हणतात. इंजिनिअर मुलगा निघाला की आपण पेढे वाटतो. शिक्षिका मुलगी निघाली की मात्र घरात बैठक बसते. "एकटी? अनोळखी देशात? आणि तेही शिकवायला? शिकवायला इथे मुले कमी आहेत का?" हे प्रश्न चुकीचे नाहीत. म्हणूनच त्यांवर चारचौघांत बोलावे असे वाटले.

खरे म्हणजे परक्या देशात जाऊन शिकवणे ही गोष्ट भिलाईला सांगायची गरज नाही. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत संघाशी करार झाला, आणि त्यानंतर रशियन तज्ज्ञ इथे येऊन राहिले. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. मधल्या काळात दुभाष्यांच्या मदतीने, कागदावर आकृत्या काढून आणि पुष्कळसे हातवारे करून एका देशाने दुसऱ्याला पोलाद करायला शिकवले. आपली माणसेही तिकडे शिकायला गेली. छत्तीसगडचे उन्हाळे सोसणारे ते रशियन आणि तिकडची थंडी सोसणारे आपले लोक, दोघांनीही एकच काम केले. ओळखीचे गाव सोडून अनोळखी गावात आपले काम उभे केले.

आता मी ज्यांच्याविषयी मुख्यतः बोलणार आहे ते गृहस्थ याच्याही कितीतरी आधी घराबाहेर पडले होते. आचार्य धर्मानंद कोसंबी. जन्म ९ ऑक्टोबर १८७६, गोव्यातले साखवाळ गाव. घरी नारळाची बागायत. इंग्रजी शाळेचे शिक्षण नाही, पदवी तर नाहीच. आम्हा डिप्लोमावाल्यांना "पुढे डिग्री का नाही केली?" असे अजूनही विचारतात. त्यामुळे कोसंबींचे चरित्र मला पहिल्यापासून जवळचे वाटते. एका मराठी मासिकात बुद्धाचे चरित्र त्यांनी वाचले आणि मनाने घेतले की हा धर्म मुळातून समजून घ्यायचा. १८९९ साली त्यांनी घर सोडले. पुणे, ग्वाल्हेर, काशी असे करत संस्कृत शिकले. नेपाळला आणि बुद्धगयेला गेले. १९०२ मध्ये सिलोनला, म्हणजे आजच्या श्रीलंकेला, पोचले. कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांपाशी पाली शिकले. पुढे ब्रह्मदेशातही राहिले. पाली ग्रंथांच्या पोथ्या सिंहली आणि ब्रह्मी लिपीत असत, म्हणून त्या लिप्याही आत्मसात केल्या.

इथपर्यंतची गोष्ट शिकायला गेलेल्या माणसाची. शिकवायची गोष्ट पुढे आहे. कलकत्त्यात त्यांनी पाली शिकवली. मग बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी दरमहा ५० रुपयांची वृत्ती देऊ केली, तेव्हा कलकत्ता विद्यापीठाची नोकरी सोडून ते महाराष्ट्रात आले. अमेरिकेच्या हार्वर्ड विद्यापीठातले प्राध्यापक जेम्स वूड्स यांच्याशी त्यांचा परिचय झाला. हार्वर्डमध्ये 'विसुद्धिमग्ग' या बुद्धघोषाच्या पाली ग्रंथाचे संपादन अडून पडले होते. हेन्री क्लार्क वॉरन यांनी ते हाती घेतले होते, पण १८९९ मध्ये त्यांचे निधन झाले. सिंहली आणि ब्रह्मी पोथ्या ताडून पाहून पाठ ठरवील असा माणूस हवा होता. तो सापडला तो साखवाळचा. १९१० साली पत्नी आणि दोन मुलांना मागे ठेवून कोसंबी एकटेच अमेरिकेला गेले.

मंडळी, क्षणभर विचार करा. ज्या माणसाने शाळेत इंग्रजी गिरवले नाही तो चौतिसाव्या वर्षी इंग्रजी बोलणाऱ्यांच्या विद्यापीठात विद्वानांबरोबर काम करायला बसतो. पालीत तो सर्वांचा गुरू, पण इंग्रजी त्याला प्रौढपणी, स्वतःच्या हिमतीवर कमवावी लागली. म्हणजे एकाच दिवशी तो शिक्षकही आहे आणि विद्यार्थीही. माझ्या मते परदेशी रुळण्याचे सारे रहस्य यातच आहे. शिकवायला गेलेला माणूस तिथे शिकायला तयार असेल तरच टिकतो. "मी शिक्षक, मला सर्व येते" अशा भावनेने गेलेला माणूस सहा महिन्यांत परतीचे तिकीट शोधू लागतो.

सगळे गोडच झाले असेही नाही. संपादक म्हणून कोणाचे नाव कसे घालायचे, यावरून प्राध्यापक लॅनमन यांच्याशी त्यांचे मतभेद झाले आणि १९१२ मध्ये ते परत आले. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात सहा वर्षे पाली शिकवली. पण अर्धे राहिलेले काम पुरे करायला पुन्हा बोलावणे आले, तेव्हा रुसून बसले नाहीत. १९१८ मध्ये पुन्हा हार्वर्डला गेले, आणि या वेळी मुलगी माणिक आणि अकरा वर्षांचा मुलगा दामोदर यांना बरोबर नेले. तो दामोदर म्हणजे पुढे गणितज्ञ आणि इतिहासकार म्हणून जगाने ओळखलेले डी. डी. कोसंबी. धर्मानंदांच्या हार्वर्डच्या एकूण चार वाऱ्या झाल्या, शेवटची १९३१-३२ मध्ये. ग्रंथ मात्र १९५० साली छापून आला. ते ४ जून १९४७ रोजी सेवाग्रामला निवर्तले होते. छापलेला ग्रंथ बघायला मिळाला नाही, पण काम पुरे करून ठेवलेले होते.

आपल्या भिलाईला विशेष जवळची वाटेल अशी गोष्ट अजून राहिली. १९२९ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, ते लेनिनग्राडला पाली शिकवायला गेले. जाण्याआधी रशियन भाषा शिकले. त्रेपन्नाव्या वर्षी! आपल्याकडे त्या वयात मोबाईलमधले नवे काही शिकायचे म्हटले तर आपण नातवाला हाक मारतो. तिथून परत आले ते १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात उतरले आणि तुरुंगातही गेले. म्हणजे परदेशाने त्यांना परके केले नाही.

आता थोडे आमच्या खात्याचे. आपण बोलताना गाडीच्या डब्याला बोगी म्हणतो. आम्हा रेल्वेवाल्यांच्या भाषेत बोगी म्हणजे डब्याखालची चाकांची चौकट. आपल्या ब्रॉडगेज रुळांमधले अंतर १६७६ मिलिमीटर, युरोपातले १४३५ आणि रशियातले १५२०. मग युरोपची गाडी रशियाकडे जायची कशी? सरहद्दीवरच्या ब्रेस्ट स्टेशनात वर्षानुवर्षे असे करत असत की डबा जॅकवर उचलायचा, खालच्या बोग्या काढून रुंद रुळांच्या बोग्या बसवायच्या आणि गाडी पुढे सोडायची. प्रवासी आतच बसलेले असत. डबा तोच, आतली माणसे तीच, सामान तेच. बदलते ते फक्त जमिनीला टेकणारे. परदेशी रुळणे म्हणजे नेमके हेच. बोगी बदलायला नकार दिला तर गाडी सरहद्दीवरच उभी राहते. आणि बोगीबरोबर डबाच टाकून दिला तर पोचते कोण?

"कोसंबी पुरुष होते, मुलींचे काय?" असे कोणी विचारील. त्यासाठी पंडिता रमाबाईंचे उदाहरण आहे. १८८३ मध्ये, नवरा वारलेला, दोन वर्षांची मनोरमा कडेवर, अशा स्थितीत त्या इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथील जोगिणींच्या मठात राहिल्या. व्यवस्था अशी की पुण्याला येणाऱ्या जोगिणींना रमाबाईंनी मराठी शिकवायचे आणि त्या बदल्यात राहणे, जेवण आणि इंग्रजीचे शिक्षण मिळायचे. पुढे चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात १८८४ ते १८८६ त्यांनी संस्कृत शिकवले. धर्म बदलला तरी शाकाहार सोडला नाही. इथेही बघा, शिकवणे आणि शिकणे एकाच घरात, एकाच वेळी.

पण याच प्रवासाची एक दुःखद बाजूही सांगितली पाहिजे. रमाबाईंच्या सोबत गेलेल्या आनंदीबाई भगत यांचा त्याच वर्षी तिकडे, मनावरच्या ताणात, दुर्दैवी अंत झाला. दोघी एकाच बोटीने गेल्या, एकाच ठिकाणी राहिल्या. एक उभी राहिली, दुसरी खचली. म्हणून "जा, काही होत नाही" असे सांगणाऱ्यांपैकी मी नाही. एकटेपणा हा खराखुरा धोका आहे. भाषा येत नसेल, बोलायला कोणी नसेल, आणि घरच्यांना सांगितले तर ते "बघ, आम्ही सांगत होतो" म्हणतील अशी भीती असेल, तर माणूस आतल्या आत झिजतो. रुळाला तडा जातो तो बरेचदा आतून, वरून रूळ चकचकीतच दिसतो. म्हणून तर आम्ही अल्ट्रासॉनिक तपासणी करतो.

हे सारे आज बोलण्याचे जवळचे कारणही सांगून टाकतो. माझ्या भाचीला मालदीवमधल्या एका बेटावरच्या शाळेत इंग्रजी शिकवण्याची नोकरी मिळते आहे. माझ्या ताईचा विरोध आहे. ताई समोरच बसली आहे, त्यामुळे घरी गेल्यावर माझे काय होईल ते गणरायच जाणे. पण ताई, तुझी काळजी बरोबर आहे. फक्त काळजीचे रूपांतर नकारात न करता प्रश्नांत करू या, एवढेच माझे म्हणणे.

तर प्रश्न असे. करारपत्र हातात आले का, आणि ते घरात दोघांनी नीट वाचले का? पगार तिथल्या रुफियात की डॉलरमध्ये? राहायची खोली कोण देणार? परतीच्या तिकिटाचा खर्च कोणाचा? बेटावर दवाखाना आहे का, आणि राजधानी मालेला जायला बोट किती वेळ घेते? माले येथील भारतीय उच्चायुक्तालयात नाव नोंदवायचे आहे ना? तिथे शिक्षणाचे माध्यम इंग्रजी असले तरी लोकांची भाषा दिवेही आहे आणि तिची थाना लिपी उजवीकडून डावीकडे लिहितात. तेव्हा निघण्यापूर्वी निदान नमस्कार-चमत्काराची पाच-पन्नास वाक्ये पाठ हवीत. तिथे सुट्टी शुक्रवारी-शनिवारी, आठवडा रविवारी सुरू. जेवणात मासळी मुख्य, तेव्हा शाकाहारी मुलीने स्वतः रांधायची तयारी ठेवावी. देशाचा धर्म इस्लाम आहे आणि पूजेच्या मूर्ती तिथे नेता येत नाहीत. म्हणजे गणपती मनातच बसवावा लागेल. हे आधी माहीत असलेले बरे, विमानतळावर कळायला नको.

या प्रश्नांची उत्तरे समाधानकारक आली तर मुलीला जाऊ द्यावे. नाही आली तर तिनेच "ही नको, दुसरी बघू" म्हणावे. आणि जी मुलगी जाईल तिला घरच्यांनी एक वचन द्यावे, की परत यावेसे वाटले तर दार उघडे आहे आणि कोणी टोमणा मारणार नाही. माझा अनुभव असा की ज्या गाडीचा ब्रेक भरवशाचा असतो तीच गाडी ड्रायव्हर निर्धास्तपणे वेगात चालवतो. परतीचा रस्ता मोकळा असला की माणूस बहुधा टिकून राहतो.

शेवटी एकच. या मंडपात बसलेल्या ज्येष्ठांपैकी किती जण मूळचे भिलाईचे? नागपूर, भंडारा, वर्धा, अमरावती, कोणी त्याहूनही लांबून आला. शेजारी मल्याळी, बंगाली, तेलुगू, ओडिया. बाजारात छत्तीसगडी. त्या सर्वांकडून आपण भाषा घेतली, पदार्थ घेतले, आणि आपला गणपतीही इथे बसवला. आज शेजारचे बंगाली काका आरतीला टाळ वाजवतात ते आपल्या सर्वांना दिसते. आपल्या वडीलधाऱ्यांनी बोगी बदलली, डबा सांभाळला. तेच पुढच्या पिढीने समुद्रापलीकडे करायचे म्हटले तर तिला अडवण्यापेक्षा तयार करून पाठवणे हे आपले काम आहे.



गणपती बाप्पा मोरया!