पेटीवरचा नंबर



कराडच्या मंडईत द्राक्षं घेताना विक्रेत्याला विचारून बघा, 'ही कुठली हो?' उत्तर ठरलेलं, 'तासगावची, खाऊन तर बघा!' पण तासगावातल्या नेमक्या कुणाच्या बागेतली, शेवटची फवारणी कधी झाली, हे त्याला ठाऊक नसतं आणि आपणही विचारत नाही. त्याच शिवारातली पेटी युरोपला निघाली, की तिला मात्र बागेच्या नंबरासकट सगळी कुंडली लागते. माल मागे मूळ शेतापर्यंत शोधता येणं, याला इंग्रजीत ट्रेसेबिलिटी म्हणतात. आपण त्याला मागमूस म्हणू.

ही शिस्त आपल्याकडे धाकातून आली. 2003 साली युरोपात भारतीय द्राक्षांत कीटकनाशकांचे अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडले आणि निर्यातदारांची झोप उडाली. मग 2006 साली अपेडानं 'ग्रेपनेट' ही संगणकीय व्यवस्था सुरू केली. निर्यातीची बाग कृषी खात्याकडे नोंदवायची, तिला स्वतंत्र क्रमांक मिळतो. फवारण्यांची नोंद ठेवायची. काढणीआधी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा माणूस बागेतून नमुना नेतो. अहवाल चांगला आला तरच माल पॅकहाउसमध्ये, आणि तिथून कंटेनरमध्ये. परदेशात तक्रार निघालीच, तर पेटीवरच्या खुणेवरून उलटं चालत बागेच्या बांधापर्यंत येता येतं.

एवढं असूनही 2010 साली घात झालाच. शेतकरी ज्याला लिहोसिन किंवा सी.सी.सी. म्हणतात, त्या क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश युरोपात आपल्या द्राक्षांत आढळले. खरड छाटणीनंतर वेलीची वाढ आवरून घडनिर्मिती चांगली व्हावी, म्हणून ते वापरत. युरोपची मर्यादा होती किलोला 0.05 मिलिग्रॅम, म्हणजे वीस टन द्राक्षांत एक ग्रॅम! आपल्याकडच्या तपासणीच्या यादीत हे रसायन नव्हतंच. त्यामुळे अहवाल चांगले, नंबर बरोबर, कागद चोख, आणि माल मात्र तिकडे अडकलेला. बागायतदारांना मोठा फटका बसला. पुढे ते रसायन यादीत आलं.

यातून मला दोन गोष्टी दिसतात. एक, मागमूस म्हणजे शुद्धतेची हमी नव्हे. माल कुणाचा हे नंबर सांगतो. माल कसा आहे हे सांगायला तपासणीच लागते, आणि जे शोधायचंच नाही ते सापडत नाही. दुसरी गोष्ट थोडी बोचणारी आहे. हा नंबर मागे येतो तो शेतकऱ्याच्या दारात थांबतो. औषध विकणारा दुकानदार, ते वापरायचा सल्ला देणारा, या साखळीत कुठेच नसतात. जबाबदारीचा माग काढायचा, तर तो त्यांच्याही उंबऱ्यापर्यंत जायला नको का?

मागमूस नसला की काय होतं, तेही बघा. फेब्रुवारी 2005 मध्ये ब्रिटनमध्ये एका सॉसमध्ये सुदान-1 हा बंदी असलेला रंग सापडला. तो आला होता भारतातून गेलेल्या मिरची पुडीतून. ती पूड त्या सॉसमध्ये, तो सॉस आणखी कशाकशात. चारशेहून अधिक पदार्थ दुकानांतून काढावे लागले. पण नोंदी होत्या, म्हणून निदान काढता तरी आले. युरोपनं त्याच वर्षीच्या जानेवारीपासून नियमच लागू केला होता: माल कुणाकडून घेतला आणि कुणाला दिला, एक पाऊल मागचं, एक पाऊल पुढचं, प्रत्येकानं सांगता आलं पाहिजे.

आता आपल्या गुळाचं घ्या. गुऱ्हाळातून रवे अडतीवर येतात, सौद्याला लागतात, तोवर ढीग कुणाचा ते माहीत असतं. सौदा झाला, माल व्यापाऱ्याच्या वखारीत गेला, की नाव पुसलं. पिवळाधमक दिसावा म्हणून एखाद्यानं हायड्रॉस जास्त टाकलं आणि दुसऱ्यानं निगुतीनं भेंडीच्या रसावर मळी काढली, तरी दोघांचा गूळ एकाच ट्रकमध्ये. वाईटाचं नाव लागत नाही, ते एक. पण चांगल्यालाही नाव मिळत नाही, हे नुकसान मला अधिक मोठं वाटतं.

आपल्याकडे अन्न सुरक्षा कायदा 2006 चा. अंमल ऑगस्ट 2011 पासून. पाकिटावर चौदा आकडी परवाना क्रमांक आणि बॅच नंबर असतो तो त्यामुळेच. सदोष माल बाजारातून परत घेण्याचे स्वतंत्र नियमही 2017 साली आले. सुट्या मालाला मात्र यातलं फारसं काही चिकटत नाही.

बागायतदार मित्रांनो, फवारणीची वही तुम्ही ठेवताच. तिच्यात आणखी एक रकाना आखा. औषधाच्या बाटलीवरचा बॅच नंबर त्यात उतरवून घ्या आणि दुकानदाराची पक्की पावती तिथंच डकवून ठेवा. उद्या अंश सापडलेच, तर पुढचा प्रश्न कुणाला विचारायचा, याचा कागद तुमच्या हातात राहील.