फटफटीच्या मागे बसून



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. तेव्हापासून गावोगावच्या अशा व्यासपीठांवर विद्वान मंडळी बोलत आली आहेत. आमची विद्या म्हणाल तर दहावीच्या अलीकडेच थांबलेली. पुढे जे काही शिकलो ते कारखान्याच्या गेटावर, कामगार न्यायालयाच्या बाकावर आणि सार्वजनिक वाचनालयातल्या पुस्तकांतून. तेव्हा आमच्याकडून पांडित्याची अपेक्षा आपण करणार नाही, असे धरून चालतो. बालपणीच्या आठवणींवर बोला, असे चालकांनी सांगितले. आम्ही विचार केला, की ज्या आठवणीतून आमचे पुढचे सारे काम निघाले तीच सांगावी. ती आठवण आहे फटफटीच्या मागे बसण्याची.

आमचे गाव बोनकोडे. आज आपण तिकडे आलात तर कोपरखैरणे कुठे संपते आणि बोनकोडे कुठे सुरू होते, हे सांगितल्याशिवाय कळायचे नाही. चहूकडे इमारती, मधे गाव. आम्ही लहान होतो तेव्हा एका अंगाला ठाण्याची खाडी, दुसऱ्या अंगाला ठाणे-बेलापूर रस्ता, त्याच्या पलीकडे कारखान्यांची धुराडी आणि त्यांच्या पाठीमागे पारसिकचा डोंगर असा देखावा होता. मधे भातशेती. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण ह्या तीन तालुक्यांतली ९५ गावे नव्या शहरासाठी नेमली गेली. त्यांत आमचेही गाव आले. जमीन जायची होती, काहींची गेली होती, आणि घरातला कर्ता माणूस पावसात बांधावर नि बाकीच्या दिवसांत पाळीवर, अशा अर्ध्या शेतकरी अर्ध्या कामगार अवस्थेत आमची पिढी वाढली.

आमचे वडील एका रासायनिक कारखान्यात होते. शेजारचे काका त्याच खात्यात. ह्या काकांनी १९७८ च्या सुमारास एक जुनी राजदूत विकत घेतली. ज्यांनी ती गाडी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. एकशे पंच्याहत्तर सीसीचे एकच सिलिंडर, दोन ठोक्यांचे इंजिन. पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून घालायचे. त्यामुळे सुरू झाली की मागे निळसर धुराचा पट्टा. १९७३ सालच्या ‘बॉबी’ चित्रपटात राजदूतचीच एक धाकटी, बुटकी गाडी दिसली होती. पोरांनी ती आमच्या काकांच्या गाडीची बहीण ठरवून टाकली. मोटारसायकल हा शब्द आमच्याकडे कोणी वापरत नसे. आवाजावरून पडलेले ‘फटफटी’ हेच नाव सगळ्यांच्या तोंडी. ती गल्लीत शिरली की कुत्री आधी धावत आणि मग आम्ही.

आमची पहिली जागा पेट्रोलच्या टाकीवर. उन्हात टाकी तापलेली असे, म्हणून काका खाली टॉवेल घालीत. तिथून सगळा रस्ता दिसे, वारा तोंडावर येई, आणि गाडी आपणच चालवतो आहोत असे वाटे. आठ-नऊ वर्षांचे झालो तेव्हा आमची बदली मागच्या सीटवर झाली. तिथे पहिल्याच दिवशी निराशा झाली. मागे बसणाऱ्याला रस्ता दिसत नाही. त्याला समोरच्याची पाठ दिसते. काकांच्या शर्टाची उसवलेली शिवण, मानेवरचा घाम, आणि कितीही साबण लावला तरी न जाणारा कारखान्याचा वास, एवढाच आमचा प्रवास. आमचे हात त्यांच्या पोटापर्यंत पोचत नसत. मग आम्ही शर्टाचे दोन कोपरे मुठीत धरून बसू. उतरताना एकदा पाय सायलेन्सरला लागला. पोटरीवरचा तो डाग अजून आहे.

कच्च्या वाटेवरून मोठ्या रस्त्याला लागताना एक वळण होते. तिथे गाडी कलली की आम्ही भिऊन उलट्या अंगाला कलत असू. काकांनी एकदा गाडी थांबवली आणि म्हणाले, “गारी झुकली का तू बी झुकाचा. घाबरून उलटा नाय व्हाचा. मना गारी आवरत नाय.” पुढे पुस्तकात वाचले तेव्हा त्याचे कारण समजले. वळणावर दोन चाकांचे वाहन आतल्या बाजूला कलल्याशिवाय वळतच नाही, आणि मागच्याचे वजनही त्या तोलात धरलेले असते. मागच्याने उलटे अंग टाकले, तर तो तोल सांभाळायला चालवणाऱ्याला गाडी आणखी कलवावी लागते. मागे बसणारा म्हणजे नुसते ओझे नव्हे, गाडी चालवण्यात त्याचाही वाटा असतो, हे आम्ही त्या वळणावर शिकलो.

आता मूळ गोष्टीकडे येतो. १९८१ चा पावसाळा. वडील आणि काका दोघांचीही दुसरी पाळी. रात्री बारा वाजता सुटले, आणि नेहमीप्रमाणे वडील काकांच्या मागे बसले. रस्त्यावर डंपरमधून सांडलेली माती पावसाने भिजून लोण्यासारखी झाली होती. गाडी घसरली. समोर दुसरे वाहन नव्हते, कोणी धडक दिली नव्हती. काकांना खरचटण्यापलीकडे काही झाले नाही. वडिलांचा पाय गुडघ्याखाली दोन ठिकाणी मोडला.

त्यानंतरचे पाच महिने दर आठवड्याला आम्ही तिघे त्याच राजदूतवर ठाण्याला इस्पितळात जात होतो. काका पुढे, वडील मागे, आणि मधे अकरा वर्षांचे आम्ही, वडिलांचा तोल जाऊ नये म्हणून. घणसोली, रबाळे, ऐरोली, दिघा, कळवा, मग पूल. ही नावे आम्ही भूगोलाच्या पुस्तकातून पाठ केली नाहीत. प्रत्येक गावच्या खड्ड्याला वडील कण्हत, आणि त्यावरून कोणते गाव आले ते कळे. एका दुचाकीवर तिघे बसणे आजच्या कायद्याने गुन्हा आहे, आणि तो कायदा योग्य आहे. पण त्या वेळी आमच्यापाशी दुसरे वाहन नव्हते.

पाय जोडला गेला, पण वाकडा. आठ तास उभे राहायचे काम वडिलांना जमेना. कारखान्याने सांगितले की पाळी संपली होती, माणूस गेटाच्या बाहेर होता, तेव्हा आमचा संबंध येत नाही. विम्याकडे विचारले तर उत्तर मिळाले की सक्तीच्या विम्यात रस्त्यावरचा तिऱ्हाईत धरलेला असतो, आपल्याच गाडीवर मागे फुकट बसलेला माणूस धरलेला नसतो. दोन दारे अशी बंद झाली. तिसरे दार एका वकिलाने दाखवले. गाडी घसरली हा चालवणाऱ्याचा निष्काळजीपणा आहे असे म्हणून काकांवरच दावा लावा, काही तरी पदरात पडेल.

त्या रात्री घरात झालेले बोलणे आम्ही गोधडीतून ऐकले. वडील म्हणाले, “त्यानी मना घरा आनाला गारीवर बसवला. त्याचेवरच केस करू?” आई म्हणाली, “मंग पोरांना खावाला काय घालू ते सांग.” बंधु-भगिनींनो, तेव्हा आम्हाला वडील थोर वाटले आणि आई कठोर. आज पन्नाशी उलटल्यावर वाटते की दोघेही खरे बोलत होती. वडिलांना शेजारी गमवायचा नव्हता. आईला मुले उपाशी ठेवायची नव्हती. चूक त्या दोघांत नव्हती. गरिबाला भाकरी हवी असेल तर आपल्या जोडीदाराला कोर्टात खेचा, असे जी व्यवस्था सांगत होती तिच्यात चूक होती.

दावा झाला नाही. खात्यातल्या कामगारांनी वर्गणी काढली. काका दर पगाराला काही रुपये आणून देत. पहिले तीन महिने आईने ते परत पाठवले आणि काकांशी बोलणेही टाकले. मग एका आठवड्यात आम्ही तापाने आडवे झालो आणि वडिलांना धरून बसायला कोणी उरले नाही. आई लुगडे आवरून, काही न बोलता, फटफटीवर चढली. आयुष्यात पहिल्यांदा. परत आल्यावर वडिलांनी हसत सांगितले, की तिने एका हाताने त्यांना धरले होते आणि दुसऱ्या हाताने सीटमागची कडी. काकांच्या खांद्याला काही तिने हात लावला नाही. पण त्या महिन्याचे पैसे तिने ठेवून घेतले.

पुढे आम्ही चळवळीत पडलो, आणि आमच्या टेबलाशी हेच प्रकरण निराळ्या निराळ्या नावांनी पुन्हा पुन्हा येऊ लागले. म्हणून कायद्यात काय बदलले आणि काय बदलले नाही, ते थोडक्यात सांगतो.

कारखान्याच्या गेटाची भिंत बऱ्याच अंशी पडली. राज्य विमा योजनेच्या कायद्यात २०१० साली दुरुस्ती झाली, आणि घरून कामावर जाताना किंवा कामावरून घरी परतताना झालेला अपघात हा कामावरचाच अपघात मानावा, असे ठरले. मात्र अपघाताची वेळ, जागा आणि परिस्थिती ह्यांचा नोकरीशी संबंध दिसला पाहिजे. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हाच विचार आला. वडिलांच्या अपघातानंतर एकोणतीस वर्षांनी का होईना, पण कायद्याने मान्य केले की पाळी सुटली तरी कामगार घरी पोचेपर्यंत कामगारच असतो. ह्या योजनेला पगाराची मर्यादा आहे. २०१७ साली ती महिना २१,००० रुपये झाली. त्यावरच्या पगाराच्या माणसाने आपली सोय काय, हे आधी विचारून ठेवावे.

विम्याचे दार मात्र अर्धेच उघडले. २००६ सालच्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की निव्वळ कायद्यापुरत्या घेतलेल्या पॉलिसीत मागे फुकट बसणाऱ्याची जबाबदारी कंपनीवर येत नाही. उलट, ज्याला पॅकेज पॉलिसी म्हणतात तिच्यात तो धरला जातो. विमा नियामकाने २००९ साली कंपन्यांना हे स्पष्ट केले. म्हणजे आपल्या मागे बसलेली बायको, भाऊ किंवा पाळीचा सोबती विम्यात आहे की नाही, हे आपण कोणता कागद घेतला ह्यावर ठरते. किती जणांनी तो कागद वाचला असेल? आम्ही सभांतून विचारतो तेव्हा फार थोडे हात वर होतात.

आणि ही काही एका गावची गोष्ट नाही. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांत शंभरातली चव्वेचाळीस तरी दुचाकीवरची. हेल्मेट नसताना मेलेल्यांपैकी १४,३३७ जण मागे बसलेले होते. मोटार वाहन कायदा १९८८ चा. मागच्यानेही हेल्मेट घालावे असे त्यात लिहिले आहे. मागच्याला धरायला कडी हवी, पाय ठेवायला जागा हवी, आणि पदर चाकात जाऊ नये म्हणून मागचे अर्धे चाक झाकलेले हवे, हे त्याखालच्या नियमांत आहे. आई ज्या कडीला धरून बसली ती कडी कोणाच्या मेहेरबानीची नाही, मागे बसणाऱ्याचा तो हक्क आहे. पण आपल्या घरात पाहा. हेल्मेट एकच असते, आणि ते पुढच्याच्या डोक्यावर असते. दंड चुकवण्यासाठी एक पुरेसे आहे असे आपण धरून चालतो.

आमचे मागणे लहानसे आहे. आज घरी गेल्यावर गाडीचा विम्याचा कागद काढा आणि मागे बसणारा त्यात आहे का ते पाहा. नसेल तर नूतनीकरणाच्या वेळी तो घाला. दुसरे हेल्मेट विकत घ्या. आणि कामावरून येता-जाता कोणाला अपघात झाला, तर वेळ, जागा आणि पाळीची नोंद त्याच दिवशी लिहून ठेवा. पुढे कोणत्याही कज्ज्यात तीच उपयोगी पडते.

वडील आज नाहीत. काका बरेच थकले आहेत. राजदूत केव्हाच भंगारात गेली. मध्यंतरी आम्ही त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेलो. आम्ही पुढे, ते मागे. जुने वळण आता ओळखू येत नाही, तिथे सिग्नल आहे. गाडी वळवली तेव्हा मागून काकांचे अंग आमच्याबरोबर अलगद कलले, आणि त्यांनी आमच्या शर्टाचे दोन कोपरे मुठीत धरलेले आम्हाला जाणवले. आम्ही हेल्मेट दोन नेली होती.