ओळखा माझे गुपित
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, तेव्हा भाषण असे काही होणार नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपण जो खेळ खेळलो तो कुठून आला, ते सांगा, असे चिटणीसबाई म्हणाल्या, म्हणून उभी राहिले.

खेळ अमेरिकेतला. तिकडे १९५२ ते १९६७ पर्यंत दूरचित्रवाणीवर ‘आय हॅव गॉट अ सीक्रेट’, म्हणजे माझे एक गुपित आहे, असा कार्यक्रम होत असे. आपले मुंबई केंद्र सुरू झाले १९७२ साली! त्यातले जुने भाग माझ्या मुलाने मोबाइलवर दाखवले व समजावून सांगितले. पाहुणा येऊन गॅरी मूर नावाच्या गृहस्थांच्या कानात आपले गुपित सांगे. घरी पाहणाऱ्यांना ते पडद्यावर लिहून दिसे. समोर बसलेल्या चौघांनी मात्र प्रश्न विचारून ओळखायचे. चौघेही हरले तर पाहुण्याला ऐंशी डॉलर.

बरीच गुपिते हसण्याजोगी असत. पण १९५६ साली सॅम्युएल सीमूर नावाचे ९५ वर्षांचे आजोबा आले. १८६५ साली नाटकगृहात अध्यक्ष लिंकन यांच्यावर गोळी झाडली गेली, तेव्हा हे पाच वर्षांचे पोर तिथे होते. मारेकरी वरून रंगमंचावर पडला, तर याला काळजी त्या पडलेल्या माणसाची! पुढे दोनच महिन्यांत आजोबा वारले. १९६२ साली एक जोडपे आले. त्यांच्या मुलाची त्याच दिवशी अंतराळवीर म्हणून निवड झाली होती. तो नील आर्मस्ट्राँग. चंद्रावर उतरला १९६९ साली.

आता आपला खेळ. चौघी पुढे बसल्या, वेळ संपली की ताटलीवर पळी वाजवायची. कुणी मुलाच्या डब्यातला लाडू खाल्लेला, कुणी यजमानांच्या खिशातले पैसे काढलेले. मग आमच्या सासूबाई उठल्या. त्यांनी कानात सांगितले, चिटणीसबाईंनी पाटीवर लिहून चौघींच्या मागून आपल्याला दाखवले, आणि आपण सगळ्या गप्प झालो.

“खाण्याची वस्तू?” नाही. “घरात कुणाला ठाऊक आहे?” नाही. “इथल्या कुणाशी संबंध?” आहे. चौथ्या ताईंनी विचारले, “माझ्याशी?” हो. “मग आमच्या आवारातले फणस तुम्हीच नेलेत की काय?” त्यावर सासूबाईच आधी हसल्या. पळी वाजली.

खाडीवर पूल होण्यापूर्वीची गोष्ट. सासरे मासेमारीला गेलेले, रात्री तर बंद, आणि शेजारीण अडलेली. वीस वर्षांच्या आमच्या सासूबाईंनी एकटीने होडी वल्हवत मुचकुंदी ओलांडली आणि गावखडीहून सुईण आणली. तरणी सून रात्री एकटी होडीत, लोक काय म्हणतील, म्हणून दोघींनी शपथ घेतली. सुईण आपणहून आली, असेच सगळ्यांना सांगितले. सासरे वारले, त्यांनाही कळले नाही. त्या रात्री जन्मलेली मुलगी म्हणजे त्या फणसवाल्या ताई.

ताई उठून सासूबाईंच्या पाया पडल्या, बराच वेळ उठल्याच नाहीत. बक्षीस म्हणून आपण नारळ ठेवला होता. सासूबाई म्हणाल्या, “मला कशाला? सुईणीच्या घरी द्या.” सुईण आता नाही, तिच्या सुनेच्या हाती मी आणि ताई तो सोमवारी जाऊन देऊन आलो.