शाईखालची पेन्सिल

श्रोतेहो, आज एका रस्त्याच्या रेखाटनाबद्दल बोलणार आहे. शहर हॉलंडमधलं हेग, साल १८८२, चित्रकार व्हिन्सेंट व्हॅन गॉग. त्याची सूर्यफुलं आपण कॅलेंडरवर पुष्कळ पाहिली, ती आज राहू द्या.

मध्यरात्री बाराच्या सुमारास तो आणि त्याचा चित्रकार मित्र ब्राइटनर फिरायला निघाले होते. पादेमूस नावाच्या ज्यू वस्तीतला रस्ता त्याने तेव्हा टिपून घेतला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यावर शाईने काम केलं. मार्चमध्ये अ‍ॅमस्टरडॅमहून त्याचे काका आले. काका चित्रांचे व्यापारी. पुतण्या पोटापुरतं कधी कमावणार, म्हणून बोलून घेत होते. हे रेखाटन हाती आलं आणि त्यांनी शहराची अशी बारा दृश्यं मागितली, प्रत्येकी अडीच गिल्डरला!

आता माझा मुद्दा. आपली नजर शाईच्या काळ्या रेषांवर जाते आणि तिथेच अडकते. खालच्या पेन्सिलीकडे कुणी बघत नाही. निदान टेमघरच्या, यंत्रमागांच्या भिवंडीच्या माणसाने असं करू नये. आपल्याकडे सुताचं सायझिंग होऊन, म्हणजे त्याला खळ लागून, ताण्याच्या उभ्या धाग्यांचा बीम लूमवर चढतो, एकेक तार फणीतून ओढली जाते, तेव्हा कुठे धोटा हलतो. तागा विकत घेणारा ताण्याची चौकशी करत नाही. पण एक तार तुटली, की तिची चीर ताग्याच्या लांबीभर दिसत राहते. पेन्सिल म्हणजे हा ताणा. रस्ता किती लांब जातो, घरं कुठे आखडत जातात, हे तिने आधी ताणून ठेवलेलं असतं. शाईचा आडवा बाणा मागाहून येतो. व्हॅन गॉगने तर खरोखरचे धागे ताणले होते. चौकटीत एक उभा, एक आडवा, दोन तिरपे. त्यातून बघायचं आणि कागदावर उतरवायचं.

पेन्सिलसुद्धा कुठली? सुताराच्या कानावर असते ना, तसली जाड. तिच्या शिशाची चकाकी त्याला खपत नसे. मग तो चित्रावर चक्क दूध ओतायचा! दूध मुरलं की चकाकी जाते आणि काळा रंग गडद, मखमली दिसतो. पेन्सिलीवर इतका जीव होता त्याचा.

म्हणून पुन्हा सांगतो, शाईखाली बघा. आणि चित्रकलेच्या शिक्षकांनो, जरा रागावूनच सांगतो. एलिमेंटरीच्या, इंटरमिजिएटच्या मुलांना आपण काय सांगतो? ‘कच्च्या रेघा खोड, घाण दिसतंय.’ अहो, पोर चुकत-चुकत जिथे रस्ता शोधतंय, ती रेघ खोडायची? पालकही तेच करतात, हातात आधी खोडरबर देतात. बीमवरच्या तारा कापून कुणी कापड विणतं का?

पादेमूसचं हे रेखाटन आज हॉलंडमध्येच, ओटरलो गावच्या क्रॉलर-म्यूलर संग्रहालयात आहे. मोबाइलवर मोठं करून पाहा, घाई करू नका. ब्राइटनरबद्दल पुष्कळ बोलायचं होतं. हा पुढे अ‍ॅमस्टरडॅमच्या रस्त्यांवर कॅमेरा घेऊन फिरला, तरी स्केचबुक काही त्याने सोडलं नाही. हातात कॅमेरा असलेल्या माणसाला पेन्सिल कशाला लागते, हा खरा... पण वेळ संपल्याच्या खुणेचा दिवा लागला आहे. तेवढं मुलांच्या खोडरबरचं लक्षात ठेवा.