पाऊस, पूर आणि संगणकाची आज्ञावली



आदिलाबाद जिल्ह्यातील बाजारहत्नूर हे गाव आज तेलंगण राज्यात असले, तरी त्या जिल्ह्यात मराठी भाषिकांची वस्ती जुनी आहे. याच परिसरातील डोंगराळ भागात कडम नदीचा उगम होतो. कुंतला येथे धबधब्याच्या रूपाने खाली कोसळून ती पुढे गोदावरीस मिळते. संगमापूर्वी, सध्याच्या निर्मल जिल्ह्यात, तिच्यावर कडम धरण बांधलेले आहे. धरणाला १८ दरवाजे असून त्याची पूर्ण संचय पातळी ७०० फूट आहे.

जुलै २०२२ मध्ये या धरणात सुमारे ५ लाख क्युसेक्स पाणी येऊ लागले. सर्व दरवाजांची मिळून विसर्गक्षमता सुमारे ३ लाख क्युसेक्सच होती आणि त्यातही एक दरवाजा उघडला नाही. जुलै २०२३ मध्ये आवक साडेतीन लाख क्युसेक्सच्या वर गेली, तेव्हा चार दरवाजे अडकले आणि पाणी दरवाजांवरून वाहू लागले. दोन्ही वेळी खालच्या गावांतील लोकांना सुरक्षित स्थळी हलवावे लागले. धरणाची एकूण साठवणक्षमता सुमारे ७.६ टीएमसी, म्हणजे ७६० कोटी घनफूट आहे. सेकंदाला साडेतीन लाख घनफूट या वेगाने पाणी आले, तर संपूर्ण रिकामा जलाशयही सुमारे सहा तासांत भरून जाईल. यावरून निर्णयासाठी किती थोडा अवधी हाती असतो, याची कल्पना येईल.

अशा वेळी अनेक घटना एकाच सुमारास घडत असतात. वरच्या गावात पाऊस वाढतो, नदीची पातळी बदलते, दरवाजा उघडतो किंवा अडकतो, दूरध्वनी बंद पडतो. या घटनांची दखल संगणकाने कशी घ्यावी, हा आज्ञावली रचणाऱ्यांपुढील एक जुना प्रश्न आहे.

प्रचलित पद्धत अशी की, प्रत्येक घटनेसाठी एक स्वतंत्र आज्ञा लिहून ठेवावयाची: अमुक घडले की तमुक करावे. आज्ञा थोड्या असतात तोवर हे ठीक चालते. परंतु त्या शंभरावर गेल्या आणि प्रत्येकीने एकाच नोंदवहीत खाडाखोड सुरू केली, म्हणजे शेवटी वहीत कोणता आकडा उरेल, हे कोणती आज्ञा आधी पोहोचली यावर अवलंबून राहते. एकाच कार्यालयातील दहा कारकुनांनी एकमेकांस न विचारता एकच वही लिहावी, तसा हा प्रकार होय.

यावर फलनाधिष्ठित, म्हणजे ज्यांना ‘फंक्शनल’ म्हणतात त्या भाषांनी एक निराळा मार्ग दाखविला. या भाषांत गणितातील फलनाप्रमाणे ठराविक माहिती दिली की ठराविकच उत्तर मिळते. मधल्यामध्ये कोणतीही नोंद गुपचूप बदलली जात नाही. जॉन रेपी यांनी १९९१ मध्ये मांडलेल्या ‘कॉन्करंट एमएल’ या भाषेत घटना हीच एक वस्तू मानली गेली. तिला नाव देता येते, दुसरीशी जोडता येते आणि दोहोंपैकी जी आधी घडेल ती निवडता येते. पुढे १९९७ मध्ये कोनाल एलियट आणि पॉल हुडॅक यांनी हास्केल या भाषेच्या आधारे काळाबरोबर सतत बदलणारे मूल्य आणि विशिष्ट क्षणी घडणारी घटना, असे दोन भाग स्पष्ट केले. नदीची पातळी हे सतत बदलणारे मूल्य आहे, तर तिने धोक्याची रेषा ओलांडणे ही घटना आहे.

उदाहरणादाखल, बाजारहत्नूरसह तीन गावांत पर्जन्यमापके आहेत असे समजावे. तिन्ही ठिकाणच्या नोंदींचे प्रवाह प्रथम एकत्र करावयाचे, ओढे नदीस मिळतात तसे. मग चुकीच्या नोंदी चाळून काढावयाच्या, मिलिमीटरवरून पाण्याचा अंदाज काढावयाचा आणि तासातासाची बेरीज ठेवावयाची. शेवटी बेरीज मर्यादा ओलांडते त्याच क्षणी भोंगा वाजवावयाचा, प्रत्येक नोंदीला नव्हे. सारखा वाजणारा भोंगा लोक ऐकेनासे होतात. या पाच पायऱ्यांपैकी प्रत्येक स्वतंत्रपणे तपासता येते. चौथे गाव जोडावयाचे झाल्यास बाकीच्या पायऱ्यांना हात लावावा लागत नाही.

येथे दोन गोष्टींची दक्षता घ्यावी लागते. पहिली अशी की, नोंद न येणे आणि पाऊस शून्य असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पर्जन्यमापक वाहून गेल्यामुळे नोंद थांबली असेल आणि यंत्राने तेथे शून्य मांडले, तर सर्वांत मोठ्या पावसाच्या वेळीच सर्वांत चुकीचे उत्तर मिळेल. या भाषांत ‘मूल्य नाही’ ही स्थिती वेगळ्या प्रकाराने लिहिता येते आणि अशा वेळी काय करावयाचे, याचा विचार नियम लिहिणाऱ्यास आधीच करावा लागतो. दुसरी गोष्ट, दोन घटना एकाच क्षणी घडल्यास कोणती आधी धरावयाची, हेही नियमातच नमूद असावे लागते.

या पद्धतीचा मोठा लाभ उन्हाळ्यात दिसून येतो. त्याच नोंदींना तेच उत्तर मिळत असल्याने मागील वर्षांच्या पुराच्या नोंदी पुन्हा आज्ञावलीस देता येतात आणि त्या रात्री इशारा किती वाजता मिळाला असता, हे पाहता येते. चार दरवाजे अडकले असे गृहीत धरूनही पडताळणी करता येते. नियमातील उणीव पावसाळ्यापूर्वी, कोणाचे घर पाण्यात जाण्यापूर्वी, हाती लागते.

या विषयाशी शिक्षकांचाही संबंध येतो. शाळेच्या आवारात साधे पर्जन्यमापक ठेवून, विद्यार्थ्यांकडून रोजची नोंद आणि ‘नोंद झाली नाही’ असा वेगळा शेरा लिहवून घेतल्यास या विचाराचा पाया घातला जाईल. त्यासाठी संगणकाची आवश्यकता नाही.

मात्र एक मर्यादा सर्वांनी ध्यानी ठेवावयास हवी. गंजलेला दरवाजा कोणतीही आज्ञावली उचलू शकत नाही. दरवाजांची देखभाल, वंगण आणि पावसाळ्यापूर्वीची चाचणी ही कामे माणसांनाच करावयाची आहेत. तसेच भोंगा वाजल्यावर कोणत्या वाटेने, कोणत्या उंचवट्यावर जावयाचे, हे गावाने आधी ठरवून ठेवले नसेल, तर वेळेवर मिळालेला इशाराही वाया जाईल. यंदाच्या पावसाळ्यापूर्वी नदीकाठच्या प्रत्येक गावाने ग्रामसभेत या वाटेचा विचार करावा, हे उचित होईल.